संघात जागा कोणाची?



वसंतातल्या व्याख्यानमालांचे एक ठरलेले पंचांग असते. पहिल्या दिवशी गीता नाही तर ज्ञानेश्वरी, दुसऱ्या दिवशी देशाची अर्थस्थिती, तिसऱ्या दिवशी हिमालयातला प्रवास, आणि मग कोणीतरी विद्वान येऊन आपली संस्कृती कशी बुडत चालली आहे हे आपल्याला पटवून देतो. या थोर पंगतीत आम्ही क्रिकेटचे पान मांडून बसलो आहोत. चिटणीसांना विषय कळविला तेव्हा त्यांनी अत्यंत सौजन्याने विचारले, 'यात विचार करण्यासारखे काही आहे काय?' आमचे उत्तर असे की, ज्या विषयावरून ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील सुशिक्षित माणसे सकाळच्या गाडीत आपले उतरण्याचे स्थानक विसरतात, त्यात विचार करण्यासारखे काहीतरी असलेच पाहिजे.

वाद जुना आहे. संघात जागा एक, दावेदार दोन. एक नाव कमावलेला, वयाने उताराला लागलेला. दुसरा कोवळा, अजून मिसरूड न फुटलेला, पण बॅट हातात घेतली की ऐकत नाही असा. कोणाला खेळवायचे? हा प्रश्न आपल्या भागात अलीकडे सर्वांत कडाडला तो जानेवारी २०२५ मध्ये, आणि आज बोलायचे ते मुख्यतः त्या निमित्ताने.

हकीकत थोडक्यात अशी. रणजी करंडकात मुंबईचा सामना जम्मू-काश्मीरशी होता. स्थळ वांद्रे-कुर्ला संकुलातले मैदान. तारीख २३ जानेवारी. त्या हंगामात मुंबईच्या डावाची सुरुवात आयुष म्हात्रे नावाचा सतरा वर्षांचा मुलगा करीत होता. हा विरारचा, म्हणजे २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा निघाला नसता तर आपल्याच ठाणे जिल्ह्याचा. पहाटेच्या गाडीने विरारहून निघून मुंबईच्या मैदानावर यायचे, हा त्याचा लहानपणापासूनचा क्रम. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो मुंबईकडून प्रथम खेळला. बडोद्याविरुद्ध त्याने अर्धशतक काढले, महाराष्ट्राविरुद्ध १७६ धावा काढल्या, आणि वर्ष सरता सरता एकदिवसीय सामन्यात नागालँडविरुद्ध १८१. यापेक्षा अधिक दाखला सतराव्या वर्षी कोणी मागू नये.

त्याच सुमारास भारतीय संघ ऑस्ट्रेलियातून मार खाऊन परत आला होता. कर्णधार रोहित शर्मा याने तेथे तीन कसोट्यांतल्या पाच डावांत मिळून ३१ धावा केल्या होत्या. नियामक मंडळाने फर्मान काढले की, भारताकडून खेळणाऱ्यांनी मोकळ्या वेळात आपापल्या प्रांताकडून खेळले पाहिजे. फर्मान चांगले होते. कित्येक वर्षे आम्ही सगळेच ते मागत होतो. रोहित आला, त्याच्याबरोबर यशस्वी जयस्वाल आला, आणि दोघेही सलामीचे फलंदाज. जयस्वाल तेवीस वर्षांचा, धावा काढीत असलेला. त्याच्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. पण दोन माणसे आत आली म्हणजे दोन बाहेर जावी लागतात, हे गणित नियामक मंडळाच्या फर्मानात लिहिलेले नव्हते. म्हात्रे निवडलेल्या चमूत होता. सामन्याच्या सकाळी अकरांत नव्हता.

पुढे जे झाले ते आपल्याला ठाऊक आहे. रोहितच्या ३ धावा, जयस्वालच्या ४; मुंबईचा सगळा डाव १२० धावांत आटोपला. दुसऱ्या डावात रोहितने २८ केल्या, त्यात लोकांची मैदानात येण्याची मजुरी वसूल होईल असे दोन-चार फटके मारले आणि तो परतला. मुंबईची थोडीफार अब्रू राखली ती शार्दूल ठाकूरने, ५१ आणि ११९ धावा करून. रणजी करंडक ज्या संघाने ४२ वेळा जिंकला त्याला जम्मू-काश्मीरने पाच गडी राखून हरविले.

झाले! दुसऱ्या दिवसापासून गाडीत दोन तट पडले. मौज अशी की, ते तट वयाप्रमाणे पडतील असा आमचा अंदाज होता तो साफ चुकीचा ठरला. निवृत्तीला आलेले गृहस्थ तावातावाने म्हणत होते, 'त्या पोराने काय पाप केले होते?' आणि पंचविशीतले तरुण रोहितची बाजू घेऊन भांडत होते. याचे कारण शोधायला फार लांब जायला नको. ज्याला आपण शाळेत असताना पाहिले, त्याचे म्हातारपण आपल्याला कबूल नसते. त्याचे म्हातारपण कबूल केले की आपली शाळा सुटून किती वर्षे झाली याचा हिशेब करावा लागतो. आणि डोंबिवलीकरांचे रोहितशी नातेही आहे. त्याचे बालपण बोरिवलीला आजोबा-काकांकडे गेले, पण आईवडील डोंबिवलीत एका खोलीत राहत, आणि शनिवार-रविवारी हा मुलगा त्यांना भेटायला येई. असा मुलगा देशाचा कर्णधार होतो तेव्हा त्याच्याविरुद्ध बोलणे म्हणजे घरच्या माणसाविरुद्ध बोलणे होते.

आता या वादातला एक मुद्दा आम्ही आरंभीच बाजूला काढून ठेवतो. 'पाहा, रोहितने तीनच धावा केल्या, म्हणजे म्हात्रेलाच घ्यायला हवे होते', असे म्हणणारे आमचे मित्र पुष्कळ आहेत. हा युक्तिवाद लंगडा आहे. ज्या खेळपट्टीवर सारी मुंबई १२० धावांत कोसळली तेथे सतरा वर्षांच्या मुलाने शून्यावर शून्य काढली नसती कशावरून? निकाल पाहून निवाडा करणे हे ज्योतिषाने कालचे भविष्य सांगण्यासारखे आहे. निवड चूक की बरोबर हे त्या सकाळी जे माहीत होते त्यावरून ठरवायचे. त्या सकाळी एवढे माहीत होते की, एकाच्या नावावर चालू हंगामात शतके होती आणि दुसऱ्याच्या नावावर पाच डावांत ३१ धावा. दुसऱ्याला खेळविण्याचे कारण मुंबईला तो सामना जिंकायचा होता हे नव्हते. त्याला पुढच्या सामन्यांसाठी सराव हवा होता, हे होते. आमच्या मते म्हात्रेला खेळवायला हवे होते, आणि त्याचे कारण एवढेच. रणजी सामन्यातली जागा ही त्या सामन्याची जागा असते. ती मागच्या पराक्रमाचे निवृत्तिवेतन म्हणून देता येत नाही, आणि दुसऱ्या एखाद्या संघाची तालीम म्हणूनही वापरता येत नाही.

परंतु यावरून आम्ही 'नव्याला आणा, जुन्याला हाकला' या पक्षाचे आहोत असे कोणी समजू नये. त्या पक्षाला आपल्याच इतिहासाने मोठे तडाखे दिले आहेत.

१९३२ साली भारताचा पहिला कसोटी संघ इंग्लंडला निघाला. त्यात पुण्याचे प्रोफेसर दिनकर बळवंत देवधर नव्हते. संस्कृतचे अध्यापक, कालिदास शिकवावा आणि संध्याकाळी मैदानावर जावे असा त्यांचा दिनक्रम. १९२६ साली गिलिगनच्या इंग्लिश संघाविरुद्ध त्यांनी मुंबईत १४८ धावा केल्या होत्या. पण १९३२ मध्ये त्यांचे वय चाळीस होते, आणि चाळिशीच्या माणसाला बोटीवर चढवून काय उपयोग, असा त्या काळच्या शहाण्यांचा हिशेब. देवधर आयुष्यात एकही कसोटी खेळले नाहीत. बरे, पुढे काय झाले? रणजी करंडक महाराष्ट्राने लागोपाठ दोन वर्षे जिंकला, १९३९-४० आणि १९४०-४१, आणि दोन्ही वेळा कर्णधार देवधर. त्यांतल्या दुसऱ्या हंगामात मुंबईविरुद्ध महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या; पन्नाशीला टेकलेल्या या प्राध्यापकाच्या त्यांत २४६. मुंबईनेही ६५० पर्यंत मजल मारली, आणि त्या डावात द्विशतक काढले खंडू रांगणेकर यांनी. रांगणेकर तेव्हा तेवीस वर्षांचे होते. पुढे ते कसोटी खेळले, आणि त्यांची अखेर १९८४ साली आपल्या ठाण्यातच झाली. एकाच सामन्यात एका बाजूला पन्नाशी आणि दुसऱ्या बाजूला तेविशी, आणि दोघेही तितक्याच निष्ठुरपणे गोलंदाजांना झोडपीत आहेत! वयावरून निवड करणाऱ्याने हा धावफलक चौकटीत बसवून भिंतीला लावावा. देवधर एवढ्यावरही थांबले नाहीत. १९४४ साली, बावन्नाव्या वर्षी, त्यांनी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके काढली. आणि जगले शंभरीच्या पलीकडे.

दुसरी गोष्ट विजय मर्चंट यांची. १९५१ साली दिल्लीला इंग्लंडविरुद्ध ते खेळले तेव्हा वय चाळीस, धावा १५४. ती त्यांची शेवटची कसोटी. हेच मर्चंट पुढे निवड समितीचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी तरुणांचा झेंडा उभारला. स्वतः चाळिसाव्या वर्षी दीडशतक काढणाऱ्या माणसाने इतरांचे वय मोजायला बसावे, यातला विनोद त्यांच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे! पण धोरण म्हणून ते खोटे नव्हते. १९६९ पासून एकनाथ सोळकर, गुंडप्पा विश्वनाथ, अशोक मंकड अशी मुले त्यांच्या अमदानीत आत आली. १९७१ च्या जानेवारीत मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींचे कर्णधारपद जाऊन ते अजित वाडेकरांकडे आले, आणि वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी एकवीस वर्षांचा सुनील गावसकर निवडला गेला.

आता या तरुणांच्या दौऱ्यावर दिलीप सरदेसाई कसे गेले ते पाहा. मडगावचा हा माणूस तिशीत होता, आणि संपला असे मानले जात होते. अध्यक्षांना त्यांच्याविषयी उत्साह नव्हता. वाडेकरांनी आग्रह धरला म्हणून ते बोटीत, म्हणजे विमानात, बसले. पहिल्या कसोटीत किंग्स्टनला विश्वनाथचा गुडघा दुखत होता आणि गावसकरच्या बोटाला नखुरडे झाले होते. म्हणून सरदेसाई खेळले. भारताची अवस्था ५ बाद ७५. तेथून सरदेसायांनी २१२ धावा काढल्या. जोडीला सोळकर, ६१. भारताने इतिहासात प्रथमच वेस्ट इंडीजवर फॉलोऑन लादला. दुसरी कसोटी आपण जिंकली. तीत सरदेसाई ११२, आणि प्रथमच खेळणारा गावसकर ६५ व नाबाद ६७. मालिकेच्या शेवटी सरदेसायांच्या धावा ६४२ आणि गावसकरच्या ७७४. आज सगळे म्हणतात, १९७१ ची मालिका गावसकरने जिंकून दिली. अहो, जुना खेळाडू पाच बाद पंचाहत्तरवर उभा राहिला नसता तर नव्याला गावायला सूर कोठून मिळाला असता?

पण खरी शिकवण आम्हाला या दोघांपेक्षा आपल्या डोंबिवलीच्या एका माणसाने दिली. अजिंक्य रहाणे. कारण या वादातल्या दोन्ही खुर्च्यांवर तो बसून आला आहे.

जन्म १९८८, संगमनेर तालुक्यातले आश्वी, वाढला डोंबिवलीत. रणजी सामन्यांत धावांचे ढीग घातल्यावर २०११ च्या अखेरीस तो भारताच्या कसोटी संघात गेला. संघात गेला, मैदानात नव्हे. २०११-१२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात भारत चारही कसोट्या हरला. द्रविड, लक्ष्मण, तेंडुलकर अशी दिग्गज मंडळी एकामागून एक बाद होत होती आणि डोंबिवलीचा हा तेवीस वर्षांचा मुलगा बाहेर बसून पाणी नेऊन देत होता. त्या डिसेंबर-जानेवारीत आपल्या गाडीत काय बोलणे चालत असे ते आपल्याला आठवत असेल. 'आपल्या पोराला एक तरी सामना द्या!' जवळजवळ सव्वा वर्ष तो असा बसून राहिला. अखेर मार्च २०१३ मध्ये दिल्लीला खेळला. का खेळला? निवड समितीला साक्षात्कार झाला म्हणून नव्हे. मोहालीला शिखर धवनच्या हाताला दुखापत झाली म्हणून.

आणि केले काय त्याने? पहिल्या डावात ७, दुसऱ्या डावात १. क्षणभर कल्पना करा, तेथेच त्याला घरी पाठविले असते तर! पण तसे झाले नाही. डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत पुन्हा उभा केला, आणि दरबानला त्याने नाबाद ५१ आणि ९६ धावा केल्या. मग वेलिंग्टनला ११८, लॉर्ड्सला १०३. नव्याला खेळवायचे म्हणजे एकदा खेळवायचे नव्हे, ही गोष्ट आपल्याकडे तरुणांचे कैवारीसुद्धा विसरतात. मुलगा घ्या म्हणून ओरडतात, आणि तो दोनदा बाद झाला की तेच म्हणतात, 'बघा, अजून कच्चा आहे.'

पुढची वर्षे सांगण्याची गरज नाही. अ‍ॅडलेडला ३६ धावांत सगळा संघ बाद झाल्यावर याच रहाणेने मेलबर्नला कर्णधार म्हणून ११२ धावा काढल्या आणि मालिका फिरविली, हे २०२० च्या डिसेंबरातले चित्र शाळकरी पोरालाही पाठ आहे. त्या शतकानंतर त्याला कसोटीत दुसरे शतक काढता आले नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये कानपूरला तो कर्णधार असताना श्रेयस अय्यर प्रथम खेळला आणि १०५ व ६५ धावा करून गेला. आणि पुढच्या महिन्यात दक्षिण आफ्रिकेत? तेथे रहाणे आत, अय्यर बाहेर! दहा वर्षांपूर्वी जो बाहेर बसून आतल्या मोठ्या माणसांकडे पाहत होता, तोच आता आतला मोठा माणूस झाला होता, आणि बाहेर दुसरा कोणीतरी बसला होता. आम्ही डोंबिवलीच्या बाजूचे लोक तेव्हा काय म्हणत होतो? 'अनुभवाला काही किंमत आहे की नाही?' दहा वर्षांपूर्वीचे आमचेच शब्द कोणी लिहून ठेवले असते तर आम्हाला तोंड लपवायला जागा राहिली नसती. जोहान्सबर्गला त्याने ५८ केल्या, केपटाऊनला ९ आणि १, आणि २०२२ च्या आरंभी त्याला वगळले.

नाटक येथे संपत नाही. जून २०२३ मध्ये ओव्हलला जागतिक कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना. अय्यरच्या पाठीचे दुखणे निघाले, आणि रहाणे परत आला. भारत ४ बाद ७१ असताना उभा राहून त्याने ८९ धावा केल्या. त्यातली १०९ धावांची भागी पालघरच्या शार्दूलबरोबर. सामना आपण हरलो, पण त्या दिवशी डोंबिवली स्थानकावर कोणालाही विचारले असते तरी अनुभवाचे माहात्म्य त्याने कीर्तनकारासारखे सांगितले असते. महिन्याभराने वेस्ट इंडीजमध्ये ३ आणि ८. पुन्हा बाहेर.

या सगळ्या हकीकतीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, ती आपल्या ध्यानात आली असेल. धवनचा हात. विश्वनाथचा गुडघा. अय्यरची पाठ. २०२१ मध्ये ब्रिस्बेनला भारताने जो अभूतपूर्व विजय मिळविला, त्यात शार्दूल आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी १२३ धावांची भागी केली. ते दोघे खेळले कारण नावाजलेले गोलंदाज एकेक करून दवाखान्यात गेले होते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या मैदानावर, आपल्याच ठाणे जिल्ह्यात, भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात ८७ धावा आणि दोन बळी घेणारी शेफाली वर्मा मूळ संघातच नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून तिला बोलावले. आणि तो आयुष म्हात्रे? एप्रिल २०२५ मध्ये ऋतुराज गायकवाडचे कोपर दुखावले, म्हणून चेन्नईच्या संघाला तो आठवला. वानखेडेवर पहिल्याच सामन्यात १५ चेंडूंत ३२.

म्हणजे आपल्या क्रिकेटमध्ये जुन्याच्या जागी नवा आणण्याचे काम बहुतेक वेळा माणसे करीतच नाहीत. ते स्नायू करतात, हाडे करतात, कंबर करते. जे तोंडाने सांगायचे ते कोणी सांगत नाही, आणि शरीर बोलेपर्यंत सगळे थांबतात. हा आमच्या मते या वादाचा गाभा आहे, आणि 'जुना चांगला की नवा चांगला' या भांडणात तो कायम झाकून जातो.

आपल्या गाडीतली रीत पाहा. कल्याणहून निघालेल्या गाडीत काहींना बसायला मिळते, डोंबिवलीला चढणारे उभे राहतात. ठाणे गेले की बसलेला उठतो आणि उभ्याला म्हणतो, 'बसा.' हा कायदा कोणी केला नाही, रेल्वेच्या नियमांत तो सापडणार नाही, आणि जो पाळीत नाही त्याला दंडही नाही. पण डब्यातले टोळके त्याच्याशी आठ दिवस बोलत नाही, आणि तेवढे पुरते. यात उठणाऱ्याचा अपमान नसतो. का? कारण उठण्याचे स्थानक आधीपासून सर्वांना ठाऊक असते. क्रिकेटच्या गाडीत ठाणे स्थानकच नाही. बसलेल्याला वाटते अजून पुष्कळ प्रवास आहे, उभ्याला वाटते हा कधी उठणार, आणि गार्ड तर बोलतच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये रहाणेने जाहीरपणे बोलून दाखविले की, निवड करणाऱ्यांनी आपल्याशी नीट संवादच केला नाही. पंच्याऐंशी कसोट्या खेळलेल्या माणसाची ही स्थिती, तर सतरा वर्षांच्या मुलाला २३ जानेवारीच्या सकाळी कोणी काय समजावून सांगितले असेल!

थांबण्याचेही गुणगान करणारे लोक आहेत. ते म्हणतात, थांबल्याने मुलगा पक्का होतो. रहाणे नाही का झाला? अमेरिकेतही हेच ऐकू येते. तिकडे फुटबॉल म्हणून जो खेळ खेळतात त्यात चेंडू मुख्यतः हातांत असतो, आणि 'क्वार्टरबॅक' नावाचा एक गडी असतो, ज्याच्या हातून संघाची प्रत्येक चाल सुरू होते. अशी जागा एका वेळी एकच. विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे या लहानशा गावाचा संघ गावकऱ्यांच्याच मालकीचा आहे. तेथे ब्रेट फार्व्ह नावाचा महारथी असताना २००५ साली अ‍ॅरन रॉजर्स हा तरुण घेतला. तो तीन वर्षे बसला. २००८ मध्ये फार्व्ह निवृत्त झाला, मग निवृत्ती मागे घेतली, गावात घराघरांत भांडणे लागली, आणि शेवटी त्याला न्यूयॉर्कच्या जेट्स संघाकडे पाठविले. पुढे रॉजर्स स्वतः महारथी झाला. मग २०२० साली त्याच्या मागे जॉर्डन लव्ह बसला, तोही तीन वर्षे. आणि २०२३ मध्ये रॉजर्सची रवानगी झाली ती त्याच जेट्सकडे! सासूने सुनेला जे केले ते सुनेने आपल्या सुनेला केले, आणि काशीयात्रेचे ठिकाणही तेच.

तेव्हा थांबून मोठे झालेले आहेत, हे खरे. पण थांबून जे सुकले त्यांची नावे कोण घेतो? अमोल मुझुमदार. १९८८ साली तेंडुलकर आणि कांबळी यांनी शालेय सामन्यात ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून हा मुलगा बसला होता. बसूनच राहिला. रणजीतल्या पहिल्याच सामन्यात त्याने २६० धावा काढल्या, प्रथम दर्जाच्या सामन्यांत अकरा हजारांहून अधिक, आणि भारताकडून सामने शून्य. त्याच्यापुढे जे बसले होते ते उठण्यासारखे नव्हतेच. अन्याय कोणी केला असेही म्हणता येत नाही. पद्माकर शिवलकरांची तीच कथा. ५८९ बळी, आणि समोर बेदी. नेरूळला महिलांनी विश्वचषक उचलला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक म्हणून मुझुमदार मैदानात उभा होता. पाहणाऱ्यांपैकी ज्यांना १९८८ आठवत होते त्यांचे डोळे कोरडे राहिले नसतील.

आता उठण्याची वेळ ज्यांना कळली अशांचीही उदाहरणे द्यायला हवीत, नाही तर आम्ही सगळ्यांनाच दोष देतो असे होईल. ज्या रोहितवर आपण इतके बोललो, तोच त्या सामन्याच्या तीन आठवडे आधी सिडनीच्या कसोटीत कर्णधार असूनही आपणहून बाहेर बसला होता. असे करायला काय लागते हे त्याला २०१० पासून माहीत होते. त्या वर्षी नागपूरला तो पहिली कसोटी खेळणार, तोच सामन्यापूर्वी सरावाचा फुटबॉल खेळताना पाय मुरगळला; मग कसोटी मिळाली ती २०१३ च्या नोव्हेंबरात, आणि पहिल्याच डावात १७७. तीन वर्षे नऊ महिने उभा राहिलेला माणूस तो. ७ मे २०२५ ला त्याने कसोटीतून निवृत्ती घेतली.

आणि मार्च २०२४. वानखेडेवर रणजीचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध विदर्भ, कर्णधार रहाणे. (त्याच हंगामात कल्याणच्या तुषार देशपांडेने अकराव्या क्रमांकावर येऊन बडोद्याविरुद्ध १२३ धावा काढल्या आणि तनुष कोटियनबरोबर शेवटच्या गड्यासाठी २३२ धावांची भागी केली. दहाव्या आणि अकराव्या दोघांनीही शतक काढावे, असे यापूर्वी एकदाच घडले होते, १९४६ साली ओव्हलला, आणि तेव्हाही जोडीतला एक चंदू सरवटे होता. विषयांतर झाले, पण कल्याणात बोलायला उभे राहून हे न सांगता खाली बसणे आम्हाला शक्य नव्हते.) त्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दुसऱ्या डावाचा कणा कोणाचा? एकोणीस वर्षांचा मुशीर खान, १३६. पस्तिशीचा रहाणे, ७३. आणि ज्याच्याशी रहाणेची जागा अदलाबदल होत राहिली तो अय्यर, ९५. गोलंदाजीत धवल कुलकर्णी, वय पस्तीस. हा आपला शेवटचा सामना आहे हे त्याने ठरविले होते आणि इतरांना माहीत होते. पहिल्या डावात त्याने तीन गडी टिपले. पाचव्या दिवशी विदर्भाचा शेवटचा गडी उरला तेव्हा रहाणेने चेंडू धवलच्या हाती दिला, आणि धवलने त्रिफळा उडविला. येथे जुन्याला घेतल्याबद्दल कोणीही तक्रार केली नाही. त्याचे स्थानक ठरलेले होते.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, रहाणेने मुंबईचे कर्णधारपद आपणहून सोडले; नवा कर्णधार घडविण्याची वेळ आली आहे असे सांगून. फलंदाजी मात्र सोडली नाही. कर्णधार झाला शार्दूल ठाकूर. ऑक्टोबरात वांद्रे-कुर्ला संकुलातल्या त्याच मैदानावर मुंबई छत्तीसगडशी खेळली, आणि सदतीस वर्षांच्या रहाणेने शार्दूलच्या हाताखाली १५९ धावा काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत एक गृहस्थ म्हणाले, 'पाहिलेत? अजून पाच वर्षे खेळेल.' त्यांच्या समोर दांडा धरून, पाठीवर किटबॅग घेतलेला पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा उभा होता. ठाणे केव्हाच मागे पडले होते. मुलगा काही बोलला नाही. शेजारच्याने आमच्या या गृहस्थांना कोपराने डिवचले. ते एकदम उठले आणि म्हणाले, 'बस रे बाळा, तुला दिवसभर उभे राहायचे आहे.'

अध्यक्षांनी घंटा वाजविली आहे.